शनिवारचा रकाना

सोमवारी डॉक्टरांनी कागदावर तीन शब्द लिहिले आणि कागद माझ्याकडे फिरवला. मेजर डिप्रेसिव्ह डिसऑर्डर. आई जाऊन तेव्हा चौदा आठवडे झाले होते.

इंग्रजीत लिहिलेल्या त्या शब्दांपैकी मधल्या शब्दात एक अक्षर राहून गेले होते. ते मला लगेच दिसले. बाकी काही वाटले नाही. सतरा वर्षे मी मुंबईत कायद्याची पुस्तके छापणाऱ्या एका संस्थेत मुद्रितशोधक होतो. राहिलेले अक्षर दिसते, वाक्याचा अर्थ नंतर पोहोचतो, अशी त्या कामाची सवय असते.

डॉक्टर म्हणाले, "मेजर म्हणजे फार मोठा आजार असं घेऊ नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ, जवळजवळ रोज, मन बसलेलं असतं. कशात रस नाही, झोप-भूक बिघडलेली, रोजची कामं होत नाहीत. एवढं जमून आलं की हे नाव देतात."

मी म्हणालो, "आई गेली आहे."

"ते दुःख आहेच. ते गोळीने जाणार नाही आणि जायलाही नको. पण त्याच्या आडोशाला हे दुसरं बसलंय. याच्यावर उपचार आहेत."

मी हे लिहितो आहे ते अशाच कागदासमोर बसलेल्या कुणासाठी. मला त्या दिवशी असे काही वाचायला मिळाले असते तरी मी वाचू शकलो नसतो. पण नंतर कधीतरी वाचले असते.

माझे नाव डॅनियल. वय शेहेचाळीस. लग्न केले नाही. पनवेलला टपाल नाक्याजवळ दोन खोल्यांत आई आणि मी राहत होतो. आईला पार्किन्सन्स झाला, म्हणजे कंपवात. हात थरथरतात, पाऊल उचलत नाही, पुढे गिळणेही अवघड होते. तिला एकटे ठेवता येईना तेव्हा मी नोकरी सोडली आणि तीन वर्षे घरी राहिलो. थोरली बहीण रूथ लग्नानंतर इस्राएलला गेली, ती अश्दोदला असते. आमच्या समाजातली बहुतेक घरे अशीच गेली. आम्ही कोकणातले बेने इस्राएल, घरात मराठी बोलणारे यहुदी. पनवेलमध्ये आता हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी घरे उरली आहेत.

पहिले लक्षण असे होते की मला वाचता येईना. आई गेल्यावर आमच्या रीतीप्रमाणे सात दिवस मी जमिनीवर बसलो, लोक येऊन गेले. आठव्या दिवशी कपाटातून एक पुस्तक काढले. पहिले पान वाचले आणि उलटले. दुसऱ्या पानावर लक्षात आले की पहिल्या पानावर काय होते ते ठाऊक नाही. पुन्हा मागे गेलो. असे चार वेळा झाले. मी पुस्तक मिटून जागच्या जागी ठेवले आणि पुढचे तीन महिने कपाट उघडले नाही.

मग पहाटे जाग येऊ लागली, रोज चारच्या सुमारास. आईला त्या वेळी कूस बदलून द्यावी लागायची. आता कुणाची कूस बदलायची नव्हती, पण जाग यायची. जेवणाला चव लागेना. अंघोळ करायला दुपार व्हायची, कधी ती राहूनच जायची. मी दुधाच्या पिशव्या बंद केल्या, कारण दरवाजा उघडून पिशवी आत घेणे जड वाटू लागले.

रूथताई रोज व्हिडिओ कॉल करायची. एके दिवशी म्हणाली, "डॅनी, तोच शर्ट आहे का रे? चौथ्यांदा बघतेय मी." मी कॅमेरा वर केला. ती म्हणाली, "आता छत दाखवू नकोस. डॉक्टरकडे जा."

डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितले. टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथी नीट चालते का ते पाहणारी तपासणी, आणि बी-ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व. दोन्ही बिघडली तरी माणूस असाच थकतो, असे ते म्हणाले. एका सोमवारी रक्त दिले, पुढच्या सोमवारी अहवाल घेऊन गेलो. दोन्ही ठीक निघाले. त्याचे मला वाईट वाटले. रक्तात काही सापडले असते तर बरे झाले असते, असे वाटून गेले. हे तुम्हालाही वाटू शकते.

मग, ते तीन शब्द लिहिण्याआधी, नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. शेवटचा प्रश्न जगणे नकोसे वाटण्याबद्दल असतो. मी खरे उत्तर लिहिले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि त्या एका प्रश्नावर माझ्याशी वीस मिनिटे बोलले. रूथताईचा नंबर घेतला, तिला माझ्यासमोर फोन केला. त्या उत्तराला घाबरून ते खोटे लिहू नका, एवढेच सांगतो.

गोळी सुरू झाली. एसएसआरआय या गटातली. मेंदूत सेरोटोनिन नावाचे एक रसायन असते, ते ही गोळी जास्त वेळ टिकवून धरते. तीन-चार आठवड्यांशिवाय फरक कळणार नाही असे सांगितले होते. गोळीबरोबर समुपदेशन. त्याच दवाखान्यात दुसऱ्या खोलीत अमृता मॅडम बसत. तिशीच्या आतबाहेर वय, टेबलावर पाण्याची बाटली आणि चिठ्ठ्यांचा एक डबा.

पहिल्या भेटीत त्यांनी विचारले, "सर, बरं वाटायला लागलं तर सगळ्यात आधी काय कराल?"

मी म्हणालो, "नोकरी शोधावी लागेल."

त्याला कारण होते. आईची पेन्शन तिच्याबरोबर थांबली होती. रूथताईने इस्राएलला येण्याचे अर्ज पाठवले होते, ते टेबलावर पडले होते. आम्हा दोघांत ठरले होते की आईची वर्षसरी होईपर्यंत, म्हणजे तिला जाऊन वर्ष होईपर्यंत, मी स्वतःच्या पायावर उभा राहिलो तर पनवेलला राहीन, नाहीतर घर आवरून तिच्याकडे जाईन. तिचे काही चुकत नव्हते. एकटा भाऊ पहाटे चारला उठून भिंतीकडे बघत बसतो हे तिला दिसत होते.

मॅडम म्हणाल्या, "मग नोकरीवरच काम करू. थेरपी म्हणजे फक्त रडणं-बोलणं नाही. सकाळी उठून जायचं कुठे, हेही त्यातच येतं."

त्यांनी डब्यातल्या चिठ्ठ्या माझ्यासमोर ओतल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक काम: ग्रंथपाल, शिक्षक, हिशेबनीस, भाषांतरकार, माळी, दुकानदार. तीन ढीग करायचे होते. आवडेल, आवडणार नाही, सांगता येत नाही. मी सगळ्या चिठ्ठ्या तिसऱ्या ढिगात ठेवल्या. त्या हसल्या नाहीत, चिठ्ठ्या गोळा करून म्हणाल्या, "हरकत नाही. ढीग महिन्याभराने पुन्हा करू."

मग त्यांनी मला एक तक्ता दिला. बिहेवियरल ॲक्टिव्हेशन अशा लांब नावाची एक पद्धत आहे. माणूस उदास झाला की कामे सोडतो, कामे सोडली की आणखी उदास होतो. म्हणून आधी थोडे थोडे काम सुरू करायचे, मन मागून येते. तक्त्यात सात दिवसांचे सात उभे रकाने आणि तासांच्या आडव्या ओळी. काय केले ते लिहायचे.

"त्या त्या वेळीच लिहा हं," मॅडम म्हणाल्या. "नंतर आठवून भरू नका. उदासपणात आठवण वाईटाकडेच झुकते."

मी सूचना तंतोतंत पाळणारा माणूस आहे. सूचनेप्रमाणे भरू लागलो. सोमवारी: अकराला उठलो. मंगळवारी: वडाळे तलावापर्यंत गेलो, परत आलो. शनिवारचा रकाना कोरा राहिला.

शनिवारी आम्ही लिहीत नाही. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू होतो, शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चालतो. त्या वेळात काम करायचे नाही, आणि लिहिणे हे काम धरतात. सगळेच आता इतके पाळत नाहीत. आमच्या घरात पाळले जाई. मी शाळेत असताना आई शुक्रवारी दिवे लावण्याआधी माझे पेन घेऊन वाटाण्याच्या डब्यामागे ठेवून द्यायची. एकदा वार्षिक परीक्षेचा पेपर शनिवारी आला तेव्हा ती मुख्याध्यापकांकडे गेली. मी तो पेपर सोमवारी स्टाफरूममध्ये एकटा बसून दिला. वर्गाने मला पुढे वर्षभर 'सोमवार' म्हणून हाक मारली. तेव्हापासून मी शनिवारबद्दल कुणाला काही सांगत नाही. विचारले तर दोन शब्दांत उत्तर देतो.

दुसऱ्या भेटीत मॅडमनी तक्ता पाहिला. "शनिवारी काही लिहिलं नाहीत?"

"नाही. शनिवारी लिहीत नाही."

त्यांनी वहीत काहीतरी टिपले. मला वाटले कळले.

नावावरून त्यांनी मला ख्रिश्चन धरले होते. पनवेलमध्ये सगळेच धरतात, मी दुरुस्त करत नाही. त्या म्हणाल्या, "रविवारी चर्चला जात जा, सर. चार माणसं भेटतात." आणि रविवारच्या रकान्यात सकाळी नऊसमोर त्यांनी स्वतःच्या हाताने 'चर्च' असे लिहिले. त्या रविवारी मी नऊ वाजता पेन घेऊन बसलो आणि लिहिले: चर्चला गेलो नाही. पुढच्या रविवारीही तेच लिहिले. ते खरेच होते.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरांकडे फेरतपासणी होती. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, हातात टोकन असते, समोर आवाज बंद केलेला टीव्ही. दीड तास बसलो. आत गेलो तेव्हा त्यांच्यापुढे मॅडमची चिठ्ठी होती. ते वाचून म्हणाले, "आठवड्याचे पाच-सहा दिवस थोडी हालचाल दिसतेय. शनिवारी मात्र काहीच नाही, सलग पाच आठवडे. रविवारीही ठरवलेल्या ठिकाणी जाणं होत नाही. एक दिवस पूर्ण कोसळायला होतंय का?"

मी म्हणालो, "तसं काही नाही."

डॉक्टरांना हे उत्तर रोज ऐकायला मिळत असणार. त्यांनी गोळीचे प्रमाण वाढवले. "आणि नोकरीची घाई इतक्यात नको. आठवडाभर सलग बाहेर पडायला जमलं की बघू."

वाढवलेल्या गोळीने माझी सकाळ जड झाली. तोंड कोरडे पडू लागले, कप धरताना हात हलू लागला. थरथरणारा हात पाहून मला आईचा हात आठवे, आणि मी कप खाली ठेवून देई. असा एक महिना गेला. वर्षसरी तेवढी जवळ आली. टेबलावरचे अर्ज मी एकदा उघडून जन्मतारखेपर्यंत भरले.

आता शनिवारी खरोखर काय होत होते ते सांगतो.

आईवडील गेल्यावर मुलाने अकरा महिने कद्दिश म्हणायचे असते. ही एक छोटी प्रार्थना आहे. तिच्यात मृत्यूचा उल्लेख नाही, आईचे नाव नाही, फक्त देवाची स्तुती आहे. पण ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा प्रौढ पुरुष हजर असावे लागतात. नऊ असले तर प्रार्थनास्थळ उघडते, बाकीची प्रार्थना होते, कद्दिश होत नाही. रोज दहा जमणे पनवेलमध्ये अशक्य आहे, म्हणून आम्ही शनिवार धरला होता.

त्यासाठी शुक्रवारी दुपारी मी एक छोटी वही घेऊन बसायचो आणि नऊ जणांना फोन करायचो.

सॉलोमनकाका सगळ्यांत वडील, वय ब्याऐंशी. ते फोन उचलताच ओरडत, "आलो असतो रे, पण गुडघा नाही म्हणतोय."

"रिक्षा पाठवतो, काका. पावणेनऊला."

"तुझी आई जिवंत होती तेव्हा मला म्हणायची, सॉलोमन, तू स्वतःच्या लग्नालाही उशिरा आलास. आता गेल्यावर नऊच्या ठोक्याला बोलावते!"

खारघरला टॉवरमध्ये राहणारा रूबेन बँकेत होता. तो म्हणायचा, "डॅनीअंकल, या वेळी नाही जमणार." मी काही न बोलता फोन धरून ठेवायचो. तो म्हणायचा, "बरं बरं. येतो. तुम्ही असे गप्प बसू नका." कुणाचे पथ्य होते, कुणाची मुलगी बाळंत झालेली, दोघा सख्ख्या भावांचे बोलणे बंद होते म्हणून त्यांना वेगवेगळ्या रिक्षा लागायच्या. हे सगळे वहीत असायचे. सूर्य मावळण्याआधी वही बंद करायची. शनिवारी आठला उठून, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मी प्रार्थनास्थळी चालत जायचो. आदल्या संध्याकाळी भरून ठेवलेला चहाचा थर्मास बरोबर घ्यायचो.

आठवड्यातला तो एकच दिवस मी धडधाकट असे. त्या दिवसाची माझ्या तक्त्यात एक ओळही नव्हती.

मी इस्राएलला जाणार असल्याचे कुजबुजीने सगळ्यांना कळले होते. एकदा चहा पिताना सॉलोमनकाका म्हणाले, "तू जा, मी तुला थांब म्हणणार नाही. पण हिशेब सांगतो. तू गेलास की आम्ही नऊ. नऊ म्हणजे शून्य." मग कप पुढे करून म्हणाले, "साखर कमी घालत जा. शून्य व्हायच्या आधी मधुमेह होईल."

वाढवलेल्या गोळीचा तो महिना संपल्यावर अमृता मॅडमनी पुन्हा नोकरीचा विषय काढला. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय, पण यादी करायला हरकत नाही. नोकऱ्या जाहिरातीपेक्षा ओळखीतून जास्त कळतात. गेल्या महिन्यात तुम्ही स्वतःहून ज्यांना फोन केलात त्यांची नावं लिहा. एक असलं तरी चालेल."

त्यांनी 'एक असलं तरी' इतक्या हलक्या आवाजात म्हटले की मला त्यांची दया आली. मी खिशातून शुक्रवारची वही काढली आणि पाहून नावे लिहू लागलो. नऊ नावे झाली.

मॅडमनी वही स्वतःकडे वळवली. "हे कोण आहेत?"

"शनिवारी येतात."

"कुठे?"

मग मी सांगितले. कद्दिश, दहा माणसे, फोन, रिक्षा, दोघे भाऊ, थर्मास, न लिहिण्याचा नियम. इतके सलग मी कित्येक महिन्यांत बोललो नव्हतो. सांगून झाल्यावर मीच दमलो.

मॅडमनी आधीचे सगळे तक्ते फाइलमधून काढून टेबलावर पसरले. शनिवारच्या कोऱ्या रकान्यांवरून त्यांनी बोट फिरवले. "म्हणजे मी जिथे 'उठताच येत नाही' असं वाचत होते, तिथे तुम्ही दहा माणसं गोळा करत होतात?"

"नऊ. दहावा मी."

"आणि रविवारचं चर्च?"

"तुम्ही लिहिलं होतं."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. त्या हसताहेत की रडताहेत ते मला कळले नाही. मग म्हणाल्या, "माझी चूक आहे, सर. कोऱ्या जागेचा अर्थ मी लावला. विचारायला हवं होतं."

"मी सांगायला हवं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "तेही आहे."

त्या उठून डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. त्या दिवशी गोळी पुन्हा पहिल्या प्रमाणावर आणायचे ठरले, एकदम नाही, दोन आठवड्यांत हळूहळू. डॉक्टर मला म्हणाले, "तुमचा हात औषधाने हलत होता, तुम्ही तेही सांगितलं नाहीत. मुका पेशंट आणि आंधळा डॉक्टर, अशी जोडी जमली आपली." हे वाक्य मी जपून ठेवले आहे. तुमच्या कागदावर एखादी जागा कोरी असेल तर ती का कोरी आहे ते तोंडाने सांगा. विचारायची वाट पाहू नका. आणि गोळी स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका.

चिठ्ठ्यांचे ढीग आम्ही पुन्हा केले. या वेळी 'आवडेल'मध्ये तीन चिठ्ठ्या गेल्या. मॅडमनी माझा बायोडाटा लिहायला घेतला. तीन वर्षांच्या रिकाम्या जागेपुढे मी 'काही नाही' असे लिहिले होते. त्यांनी ते खोडले आणि मला विचारून विचारून लिहिले: आजारी आईची घरी पूर्णवेळ शुश्रूषा, औषधांच्या वेळा, चार डॉक्टरांचे कागद एकत्र ठेवणे. मग म्हणाल्या, "शनिवारचंही घालू. आठवड्याला दहा माणसांचं संयोजन. हे मोठं कौशल्य आहे."

मी नको म्हणालो. आईची प्रार्थना नोकरीच्या अर्जात घालायची नव्हती.

त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. कागदावर नको. पण मुलाखतीला बसाल तेव्हा डोक्यात असू द्या."

पहिली मुलाखत फोनवर झाली, बेलापूरच्या एका कंपनीची. पलीकडच्या मुलीने विचारले, "तीन वर्षं काय केलंत?" मी सांगितले. ती म्हणाली, "ओके, म्हणजे काहीच नाही," आणि पुढचा प्रश्न विचारला. मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत झोपून राहिलो, आणि तक्त्यात तसे लिहिले. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ग्रंथपालनाची पदवी नसणे आडवे आले. तिसऱ्या ठिकाणाहून उत्तरच आले नाही. दर आठवड्याला मॅडम एवढेच विचारत, "या आठवड्यात अर्ज किती?" नोकरी मिळाली का, असे त्यांनी कधी विचारले नाही. त्याचा मला फार आधार वाटला.

उरणच्या वाटेवरच्या जासईतली जागा रूबेनकडून कळली. त्या नऊ नावांपैकीच एक. त्याच्या बँकेचे एक ग्राहक तिथे कंटेनर उतरवून ठेवण्याचे गोदाम चालवत होते, आणि त्यांना कागद तपासणारा माणूस हवा होता. कंटेनर बंदरातून येतो तेव्हा त्याच्याबरोबर जहाजाची पावती, मालाची यादी आणि दाराला लावलेल्या सीलचा नंबर येतो. तिन्ही कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत. एक आकडा चुकला तर माल अडकतो.

मी उरणच्या बसने गेलो. गव्हाण फाट्यापुढे दोन्ही बाजूंना ट्रेलर उभे होते. मालक म्हात्रे, गावचेच, पन्नाशीचे. केबिनमध्ये पंखा आणि टेबलभर कागद. त्यांनी एक गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "बघा. चुका हायेत. किती ते सांगत नाय."

मी वाचायला लागलो. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. दुसरीवर पहिली लक्षात होती. तेव्हा मला कळले की मला पुन्हा वाचता येते आहे. कपाटातले पुस्तक नव्हते, लोखंडी सळ्यांची आणि टाइल्सची यादी होती. मी डोळे पुसले आणि पुढे वाचत राहिलो.

"रडताव कशाला?" म्हात्रे म्हणाले. "येवढ्या चुका हायेत का?"

"पाच आहेत," मी म्हणालो.

"मना तर चारच म्हाईत होत्या." त्यांनी पाचवी पाहिली. सीलच्या नंबरात दोन आकडे उलटसुलट झाले होते. त्यांनी दाराबाहेर तोंड काढून कुणाला तरी खणखणीत शिवी घातली आणि परत येऊन बसले. "कवा येताव?"

आता सांगायची वेळ होती. शाळेपासून जे टाळत आलो ते मी पहिल्यांदा न विचारता सांगितले. "शनिवारी मी काम करत नाही. लिहीत नाही. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत मला घरी पोचायला लागतं. आमचा धर्म तसा आहे. हे चालणार नसेल तर आत्ताच सांगा."

म्हात्र्यांनी गठ्ठ्याला दोरी बांधली. मला बसची वेळ आठवू लागली.

"आनि आयतवारी?"

"रविवारी येईन."

"दर आयतवारी?"

"दर रविवारी."

ते खुर्चीत मागे टेकले. "अवो, आयतवारी आमचे गावान कोन कामाला येत नाय. कोनाची हलद, कोनाचा साखरपुडा. मीच येकटा बसताव हितं मुनीमासारखा. तुमी आयतवारी या. शनवारी देवाकडं जा, नायतर झोपा, मना काय कराचा हाय?"

मी घरी येऊन टेबलावरचे अर्ज लखोट्यात घालून कपाटात ठेवून दिले. रूथताईला व्हिडिओ कॉल करून नोकरी लागल्याचे सांगितले. तिने मला कॅमेऱ्यात नीट पाहून घेतले. मग म्हणाली, "शर्ट बदललायस. बरं झालं." फोन ठेवल्यावर मी एकट्यासाठी भात टाकला.

कद्दिशचे अकरा महिने त्यानंतर सहा आठवड्यांनी पुरे झाले. शेवटच्या शनिवारी दहाही जण आले, दोघे भाऊ एकाच रिक्षातून. मी प्रार्थना म्हटली. घरी येऊन आईच्या खाटेवर बसलो. दुसऱ्या दिवशी रविवार होता, कामावर गेलो.

पावसाळ्यानंतर सॉलोमनकाकांचा गुडघा पूर्ण बसला आणि त्यांची लेक त्यांना ठाण्याला घेऊन गेली. जाताना म्हणाले, "तुला हिशेब मी शिकवला, आणि मोडतोयही मीच." त्यांच्या जागी दुसरा कुणी नाही. मी थांबलो म्हणून दहा राहिले असते, असे मला वाटले होते. तसे झाले नाही.

नैराश्य गेले का, असे लोक विचारतात. पहाटे कधी कधी अजून जाग येते. आठवड्यातून एखादा दिवस जड जातो, आणि तो जड गेला असे मी मॅडमना सांगतो. आता महिन्यातून एकदाच जातो. त्या अजून तक्ता मागतात. शनिवारच्या रकान्यावर त्यांनी स्वतः वर छापून आणले आहे: येथे लिहीत नाहीत.

गोळी सकाळी एक. आठवड्यातून सहा दिवस जासईची बस. उशाशी एक पुस्तक, त्याची चाळीस पाने झाली आहेत. शुक्रवारी मी आठ जणांना फोन करतो. शनिवारी सकाळी साडेनऊपर्यंत दाराकडे बघतो, मग दार लोटून घेतो, आणि जी प्रार्थना नऊ जणांना म्हणता येते ती आम्ही म्हणतो.